चढवलं खरं, पण उतरवून घेतलं का?

मंडळी, आपण ब्लॉगवाले सगळे 'चढवणारे' लोक. लेख लिहिला की चढवला, फोटो काढला की चढवला. ट्रेकचे, बारशाचे, पाककृतींचे फोटो, आईच्या जुन्या ओव्या, आजोबांच्या आठवणी, सगळं चढवून झालं आणि खाली दोन-चार प्रतिसाद आले की आपल्याला वाटतं, चला, हे आता जपलं गेलं. कायमचं राहिलं.

माझं म्हणणं साधं आहे. चढवणं म्हणजे जपणं नव्हे. चढवलेलं परत आपल्या संगणकावर उतरवून घेता येतं, ते घ्यावं, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी ते कसं करायचं हे दाखवून ठेवावं. निम्मं काम करून आपण पूर्ण केल्याचं समाधान मानतो, असं मला फार दिवस वाटतंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. संगणकातली जाणकार मंडळी वाचत असतील त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. मी हे नातेवाइकांनाही समजावं अशा बेताने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 'सर्व्हर' म्हणजे काही अधांतरी ढग नव्हे. तो दुसऱ्या कोणाचा तरी, दुसऱ्या गावात नाहीतर दुसऱ्या देशात असलेला, चोवीस तास चालू असलेला संगणक. आपला तो घरातला. या दोघांमध्ये फाइलींची ने-आण होते. आपण 'फाइल आली' असं म्हणतो खरं, पण मूळ फाइल जागची हलत नाही. येते ती तिची प्रत.

शाळेतला माणूस असल्यामुळे मला यासाठी दाखल्याचीच उपमा सुचते. मूल शाळा सोडून दुसऱ्या गावी जातं तेव्हा आपण त्याला जनरल रजिस्टरचं पान फाडून देत नाही. रजिस्टर शाळेतच राहतं. त्यातल्या नोंदी उतरवून, सही-शिक्का करून शाळा सोडल्याचा दाखला देतो. नोंद दोन ठिकाणी झाली. उद्या एकीकडे वाळवी लागली तरी दुसरीकडे आधार राहतो. सर्व्हरवरून फाइल घेणं म्हणजे असा दाखला काढणं. आणि दाखला वेळच्या वेळी काढलेला बरा, हे कुठल्याही पालकाला विचारा.

आता ही प्रत येते कशी? अख्खी फाइल एकदम येत नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. साधारण दीड हजार बाइटचा एक, असं समजा. मोबाइलवर काढलेल्या चार मेगाबाइटच्या एका फोटोचे अडीच-तीन हजार तुकडे होतात. प्रत्येकावर क्रमांक असतो. ते वाटेत मागेपुढे झाले, एखादा हरवला, तर घेणारा संगणक 'अमुक क्रमांकाचा पोचला नाही, परत पाठव' असं सांगतो, आणि सगळे आले की ओळीने लावतो. हजेरी घेऊन मुलांना रांगेत उभं करण्यासारखंच की!

या ने-आणीचे जे नियम ठरले त्यात एका भारतीय माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत एमआयटीत गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी फाइल पाठवण्याच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला. हेच ते एफटीपी, फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. इंटरनेट हे नावही रूढ झालं नव्हतं, चार-दोन विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे संगणक एकमेकांना जोडले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या नियमांत मला आवडणारी एक युक्ती अशी, की निरोप एका वाटेने जातो आणि सामान दुसऱ्या वाटेने. 'अमुक फाइल दे' हा हुकूम एका जोडणीवरून आणि प्रत्यक्ष फाइल वेगळ्या जोडणीवरून.

एफटीपीत एक उणीव होती. पासवर्ड उघडा जायचा. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवावा तसा. १९९५ साली फिनलंडमधल्या टाटू युलेनेन यांनी सांकेतिक रूपात बोलणारी एसएसएच ही पद्धत तयार केली, आणि पुढे फाइलींची ने-आणही तिच्या आडोशाने होऊ लागली. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ साली जुन्या एफटीपीला रजा दिली. पण ज्यांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे ते आजही फाइलझिलासारखा प्रोग्राम वापरतात. त्याच्या खिडकीचे दोन भाग असतात. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे दूरचा सर्व्हर. उजवीकडची फाइल ओढून डावीकडे सोडली की उतरली. मला ही खिडकी फार बोलकी वाटते. आपलं घर कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे त्यात एका नजरेत कळतं. ब्लॉगरवर किंवा फेसबुकवर लिहिताना ही मधली रेघच दिसत नाही. सगळं आपल्याच घरात चाललंय असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच आहे.

पूर्वी ही रेघ चांगलीच जाणवायची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या वेळच्या स्वस्तातल्या 'शेल' खात्यावर फाइल घ्यायची तर दोन टप्पे असायचे. आधी ती परदेशातल्या सर्व्हरवरून निगमच्या यंत्रावर आणायची, आणि मग तिथून टेलिफोनच्या तारेवरून मोडेममार्गे आपल्या संगणकावर. कसारा लोकल चुकलेल्या माणसाने कल्याणला उतरून गाडी बदलावी तसं. तेव्हाच्या २८.८ च्या मोडेमवर सगळं सुरळीत चाललं तरी एका मेगाबाइटला साडेचार-पाच मिनिटं लागत. म्हणजे आजचा एक फोटो उतरवायला जवळजवळ वीस मिनिटं, आणि मध्येच फोन खणखणला की पुन्हा पहिल्यापासून! त्यामुळे जे हाती आलं त्याची किंमत वाटे. लोक ते फ्लॉपीवर घेत, फ्लॉपीवर नाव लिहीत, डब्यात घालून ठेवत.

आज ५० एमबीपीएसच्या साध्या जोडणीवर तोच फोटो सेकंदाच्या आत येतो. (इथे एक तळटीप. कंपनी सांगते तो वेग 'बिट'मध्ये असतो आणि फाइलीचा आकार 'बाइट'मध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे ५० ला आठाने भागा म्हणजे सेकंदाला सहा मेगाबाइट, हा खरा हिशेब. गणित काही सुटत नाही बघा.) आणायला इतकं सोपं झालं, म्हणून आणायची गरजच वाटेनाशी झाली. हवं तेव्हा बघता येतंय ना, मग घरी कशाला?

का आणायचं, ते सांगतो. आमच्या आंबिवली-मोहन्याच्या लोकांना हे वेगळं सांगावं लागू नये. इथे एनआरसीची वसाहत होती. कंपनीच्या क्वार्टरमध्ये पिढ्या राहिल्या. अंगणात तुळस लावली, भिंतींना रंग दिले, मुलांची लग्नं त्याच दारातून झाली. पण क्वार्टर ते क्वार्टर. कंपनी २००९ साली बंद पडली, आणि क्वार्टर आणि स्वतःचं घर यांतला फरक काय तो आख्ख्या परिसराला समजला.

योगायोग असा, की त्याच २००९ साली महाजालावरची एक फार मोठी वसाहत उठली. जिओसिटीज नावाची. लोकांना फुकटात स्वतःचं पान बांधू देणारी जागा. नव्वदीच्या दशकात जगभरच्या लाखो हौशी माणसांनी तिथे पानं बांधली. याहूने ती १९९९ साली विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केली. 'आर्काइव्ह टीम' नावाच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत रात्रंदिवस बसून जमेल तेवढी पानं उतरवून घेतली. ती माणसं त्या पानांची मालक नव्हती. ज्यांची पानं होती त्यांतल्या अनेकांना तर पत्ताही नव्हता.

पुढची यादी तुमच्याही ओळखीची आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथे मराठी मंडळींचे किती कट्टे भरायचे, आठवतं ना? याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं की साठवलेला सगळा मजकूर काढून टाकणार. मुदत आधी १४ डिसेंबरची, ओरडा झाल्यावर जानेवारीअखेरची. वर्षानुवर्षांच्या चर्चा, फाइली, फोटो यांच्यासाठी जेमतेम साडेतीन महिने. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला मिटलं. आणि मायस्पेसचं प्रकरण तर आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाणारं. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सामान हलवताना २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांतली लोकांनी चढवलेली गाणी नष्ट झाली. पाच कोटींच्या वर गाणी! बंद पडण्याची नोटीस नाही, काही नाही. निव्वळ घर बदलताना ट्रंक हरवली. ज्या गायकांनी मूळ ध्वनिफीत घरी ठेवली होती त्यांचं वाचलं, बाकीच्यांचं गेलं.

हे सगळं परदेशी कंपन्यांचं झालं, असं वाटत असेल तर आपल्याकडचंही एक उदाहरण देतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा मोठा प्रकल्प होता. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात पुढे होती. देशभरच्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं स्कॅन करून सर्व्हरवर ठेवली गेली. मराठी पुस्तकंही त्यात पुष्कळ होती. ज्यांच्या प्रती ग्रंथालयांच्या मागच्या कपाटात पिवळ्या पडत होत्या अशी. वाचायची तर एकेक पान उघडावं लागे, आख्खं पुस्तक उतरवणं कटकटीचं. तरीही चिकाटीच्या लोकांनी ती पुस्तकं उतरवली आणि लाखो पुस्तकांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह' या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर गेल्या. बरं झालं गेल्या. कारण २०१७ च्या सुमारास प्रताधिकाराच्या प्रश्नावरून मूळ संकेतस्थळ बंद झालं. आज आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचं एखादं मराठी पुस्तक घरबसल्या मिळतं ते बऱ्याचदा त्या उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. (स्वामित्वहक्काचा मुद्दा खोटा नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण हक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकंही त्या दारामागे गेली, हे विसरू नये.) आणि तो आर्काइव्ह तरी अमरपट्टा घेऊन आलाय का? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तोही बंद होता.

आता दुसरी बाजू. पुष्कळ जण म्हणतात, "अहो, घरच्या संगणकापेक्षा सर्व्हरच जास्त सुरक्षित. घरी हार्ड डिस्क उडते, वीज जाते, पाणी शिरतं." अगदी खरं आहे. २६ जुलै २००५ विसरणं शक्य नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण इकडे उल्हास आणि काळू नद्यांच्या काठच्या वस्त्यांमधूनही कपाटंच्या कपाटं भिजली. लग्नाचे अल्बम, दाखले, वह्या, संगणक, सगळं चिखलात. जुलै २०१९ मध्ये उल्हासला पुन्हा पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. नदीशेजारी राहणाऱ्या माणसाने 'सगळं घरी आणा' असा सल्ला देणं शहाणपणाचं नाही, हे मला कळतं.

म्हणूनच मी 'सर्व्हरवरून काढून घरी आणा' असं म्हणत नाही. 'घरीसुद्धा आणा' म्हणतोय. ज्या गोष्टीची प्रत एकाच ठिकाणी आहे ती धोक्यात आहे, मग ती जागा घर असो की अमेरिकेतली इमारत. पुरात ज्यांचे फोटो बुडाले त्यांच्यापैकी काहींना परगावच्या नातेवाइकांकडून प्रती मिळाल्या, कारण पूर्वी आपण लग्नाच्या फोटोंचे दोन संच काढून एक माहेरी पाठवत असू. तीच रीत चालू ठेवायची आहे. एक प्रत सर्व्हरवर, एक घरच्या संगणकावर, आणि एक पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावच्या भावाकडे नाहीतर मुलीकडे. (पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर दगा देऊ शकतो, तेव्हा मधूनमधून लावून बघावा.)

"पण एवढं सगळं मावणार कुठे?" हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. युनिकोड देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेतं. हजार शब्दांचा मराठी लेख म्हणजे सुमारे वीस किलोबाइट. असे तीनशे लेख लिहिलेत, म्हणजे चांगली दहा-पंधरा वर्षांची कमाई, तर ते झाले सहा मेगाबाइट. मोबाइलवर काढलेल्या दीड फोटोएवढे! नातवाच्या वाढदिवसाच्या केकचे आपण बारा फोटो काढतो आणि ठेवतो. त्यातल्या दोघांच्या जागेत आजोबांचं आयुष्यभराचं लिखाण मावतं.

आता उतरवताना काय पाहायचं ते. फाइल आली म्हणजे काम झालं, असं नाही. शिक्षकाच्या सवयीने सांगतो, उत्तर लिहिल्यावर ताळा करायचा.

वर्डप्रेसवर 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट' आहे. तिथून एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात लेख असतात, प्रतिसाद असतात, पण चित्रं नसतात, चित्रांचे नुसते दुवे असतात. सर्व्हर गेला की दुवा म्हणजे पाडलेल्या घराचा पत्ता. तेव्हा चित्रं वेगळी घ्यायला हवीत. ब्लॉगरवाल्यांसाठी गूगलची 'टेकआउट' ही सोय आहे. तिथे काय काय हवं त्यावर खूण केली की गूगल गठ्ठा बांधून दुवा पाठवतं. तो दुवा आठवडाभरच चालतो, तेव्हा 'बघू नंतर' म्हणू नका. गठ्ठा उतरला की तो उघडायचा. एक जुना लेख, एक मधला, एक अलीकडचा नीट वाचून बघायचा. लेखांची संख्या ब्लॉगवरच्या संख्येशी जुळवायची. चार फोटो उघडायचे.

अक्षरं वाचता येतात का, हे मुद्दाम बघा. २००० च्या आसपासच्या आपल्या मराठी संकेतस्थळांचं काय झालं ते आठवा. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येकाचा फाँट निराळा. तेव्हा कोणी हौसेने उतरवून ठेवलेल्या फाइली आज उघडल्या तर बाइट सगळे शाबूत असतात, पण तो फाँट संगणकावर नसला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुसा दिसतो. तसल्या फाइली कोणाकडे असतील तर फाँट बदलून देणाऱ्या प्रोग्रामांतून त्या युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात. त्याचबरोबर महत्त्वाच्या लेखांची एक पीडीएफ करावी, आणि अगदी जिव्हाळ्याचे दहा-बारा लेख सरळ कागदावर छापावेत. कागदाला पासवर्ड लागत नाही.

पासवर्डवरून मी आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा खास नातेवाइकांसाठी आहे, आणि थोडा अवघड आहे, पण बोलायला हवा.

मराठी ब्लॉगविश्वात निवृत्तीनंतर लिहू लागलेली माणसं खूप आहेत. बँकेतली, रेल्वेतली, शाळांमधली. कोणी गावच्या बोलीचे शब्द गोळा केले, कोणी गिरणी संपाच्या काळातल्या आठवणी लिहिल्या, कोणी आईच्या हातचं लोणचं कसं असायचं ते मापांसकट लिहून ठेवलं. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काही गेली. त्यांचे ब्लॉग अजून दिसतात. शेवटच्या नोंदीखाली 'काका, बरेच दिवसांत काही लिहिलं नाहीत?' असा प्रतिसाद असतो आणि त्याला उत्तर नसतं.

गूगलने मे २०२३ मध्ये धोरण जाहीर केलं. दोन वर्षं वापर झाला नाही तर ते वैयक्तिक खातं आणि त्यातला मजकूर काढून टाकण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला. अंमल डिसेंबर २०२३ पासून. कंपनीच्या बाजूने विचार केला तर त्यात तथ्य आहे. बेवारस खाती चोरांच्या हाती लागतात. पण माणूस गेल्यावर त्याचं खातं कोण वापरणार? घरच्यांना पासवर्ड माहीत नसतो. पुष्कळदा 'बाबा काहीतरी संगणकावर लिहायचे' यापलीकडे काही ठाऊक नसतं. बँकेच्या पासबुकावर वारस लावलेला असतो, फ्लॅटच्या सोसायटीत नामांकन केलेलं असतं. लिखाणाला मात्र वारस नाही.

यावर एक उपाय आहे, आणि तो फुकट आहे. गूगलच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. आपण ठरवायचं, की तीन महिने, सहा महिने, वर्ष किंवा दीड वर्ष खातं वापरलं गेलं नाही तर काय करायचं. दहापर्यंत विश्वासातल्या माणसांची नावं देता येतात. मुदत उलटली की त्यांना कळवलं जातं आणि आपण परवानगी दिलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. अशुभ वगैरे काही नाही त्यात. मृत्युपत्र केल्याने कोणी मरत नाही, तसंच हे.

शेवटी थोडं कायद्याबद्दल. कारण सगळा भार माणसांच्या दक्षतेवर टाकणं मला पटत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चं पाचवं कलम बघा. मुलाला शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. का? तर मूल शाळेच्या मालकीचं नाही. मोबाइलचंही तसंच. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळवण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा स्वतंत्र हक्क आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीसंरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याच्या आधीच्या मसुद्यांत हा नेण्याचा हक्क होता. अंतिम कायद्यात तो राहिला नाही. त्यातल्या चौदाव्या कलमात मात्र एक चांगली गोष्ट आहे. आपल्या पश्चात आपले हक्क बजावायला कोणाचं तरी नाव देण्याची तरतूद तिथे आहे. म्हणजे वारस नेमता येतो, पण सामान उचलून नेण्याचा हक्क नाही! माझं मत विचाराल तर तो हक्क परत आला पाहिजे. लोकांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेलं जे काही असेल ते चित्रांसकट, प्रतिसादांसकट, कुठल्याही संगणकावर उघडेल अशा रूपात त्यांना मिळालं पाहिजे. आणि दुकान बंद करायचं असेल तर किमान वर्षभर आधी सांगितलं पाहिजे. ऑर्कुट मिटल्यावर गूगलने लोकांना आपला मजकूर उतरवून घ्यायला २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे दोन वर्षं दिली होती. तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर माझी सूचना अशी. दसऱ्याला आपण पाटीपूजन करतो, वह्या-पुस्तकांना हळदकुंकू वाहतो, हत्यारं पुजतो. त्याच दिवशी वर्षभराचं लिखाण सर्व्हरवरून उतरवून घ्यायचं. फोल्डरला वर्षाचं नाव द्यायचं. उघडून, वाचून ताळा करायचा. एक प्रत परगावी द्यायची. आणि घरातल्या मुला-नातवंडांना शेजारी बसवून करायचं. त्यांना बोटांचं काम आपल्यापेक्षा चांगलं येतं. आपण फक्त एवढंच सांगायचं, की बाळांनो, यात काय आहे आणि ते कुठे ठेवलंय.

आणि नातेवाईक मंडळींनो, तुमच्या घरात कोणी लिहिणारं असेल तर त्यांच्या विचारण्याची वाट बघू नका. पुढच्या रविवारी चहा झाला की तुम्हीच म्हणा, "काका, तुमचा ब्लॉग आज उतरवून घेऊ या का?" बघा, त्यांना किती बरं वाटतं ते.